कतारच्या गॅसमधे नोकरीला जायचंय? बडोद्यातून निघण्याआधी एवढं समजून घ्या

मकरपुरा जीआयडीसीत, नंदेसरीला नाहीतर कोयलीच्या कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी आपली मराठी पोरं हल्ली सारखी विचारतात, काका कतारला जाऊ का, एजंट म्हणतोय ऑइल अँड गॅसमधे काम आहे, राहणं खाणं कंपनीचं. मी उलट विचारतो की कुठला प्लांट, कुठली कंपनी, आणि काम ऑपरेशनचं आहे की प्रोजेक्टचं की शटडाऊनचं? बहुतेकांना यातलं काहीच माहीत नसतं, एजंटनेही सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. ज्याला त्या देशातल्या गॅसचं गणित कळतं त्याला ऑफर लेटर वाचता येतं, आणि ज्याला कळत नाही तो फक्त पगाराचा आकडा बघून सही करतो आणि मग तिथे जाऊन त्याचा भ्रमनिरास होतो.

आधी देश समजून घ्या

कतार तेलाचा देश म्हणून सुरू झाला, पण पैसा आला तो गॅसमधून. पश्चिम किनाऱ्यावर दुखान नावाची जागा आहे, तिथे १९३९-४० च्या सुमारास तेल लागलं, मग महायुद्ध आलं आणि पहिली निर्यात व्हायला १९४९ उजाडलं. नॉर्थ फील्ड १९७१ मधे सापडलं, समुद्राखाली, कतारच्या उत्तरेला. ते जगातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक वायूचं फील्ड आहे आणि त्याचा काही भाग इराणच्या हद्दीत जातो, तिकडे त्याला साउथ पार्स म्हणतात. म्हणजे जमिनीखाली साठा एकच, वरून दोन देश काढतायत. आखातात काही तणाव झाला की कतारमधल्या लोकांचा जीव का टांगणीला लागतो ते यावरून लक्षात येईल, आणि सगळी जहाजं होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडतात हे पण डोक्यात ठेवा. जून २०२५ मधे इराणने अमेरिकेच्या अल उदैद हवाई तळावर मिसाईल सोडली होती, तो तळ दोह्याजवळच आहे. त्यामुळे तारीख ठरली तरी निघायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची सूचना वाचायचीच, घरच्यांना पण वाचायला द्यायची.

गॅस समुद्रात सापडला तरी गिऱ्हाईक जपान-कोरियाला, एवढी लांब पाईपलाईन टाकणार कशी? म्हणून गॅस उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड करून त्याचा द्रव करायचा, साधारण सहाशे पट जागा कमी होते, आणि थर्माससारख्या टाक्यांच्या जहाजातून पाठवायचा. हेच एलएनजी. कतारचं पहिलं एलएनजी १९९६ च्या शेवटी जपानला निघालं. आता तिथे १४ ट्रेन आहेत, ट्रेन म्हणजे गॅस साफ करून थंड करायची एक पूर्ण लाईन, सगळ्या मिळून वर्षाला ७.७ कोटी टन क्षमता. त्यातल्या सहा तर प्रत्येकी ७८ लाख टनाच्या आहेत, बांधल्या तेव्हा जगात तेवढ्या मोठ्या कुठेच नव्हत्या.

आता कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं. २००५ मधे कतारने नवीन प्रोजेक्ट थांबवले होते, फील्डचा अभ्यास करायचा म्हणून, आणि २०१७ मधे ती बंदी उठवली. त्यानंतर जे सुरू झालं ते नॉर्थ फील्ड ईस्ट, ८० लाख टनाच्या चार ट्रेन, मग नॉर्थ फील्ड साउथच्या दोन, आणि २०२४ मधे नॉर्थ फील्ड वेस्ट पण जाहीर केलं, टार्गेट १४.२ कोटी टनाचं. म्हणजे जवळजवळ दुप्पट. तुमच्यापर्यंत एजंटचे जे मेसेज येतात ना, पाईप फिटर पाहिजे, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन पाहिजे, स्कॅफोल्डर पाहिजे, त्यातले बरेचसे या वाढीतून येतात. आणि त्यात आपला सहभाग पण मोठा आहे, मार्च २०२५ मधे एल अँड टीला तिथल्या समुद्रातल्या कंप्रेशन कॉम्प्लेक्सचं १५,००० कोटी रुपयांच्या वरचं काम मिळालं. जुन्या फील्डचं प्रेशर हळूहळू उतरतं, मग गॅस ओढायला कंप्रेसर लावावे लागतात, त्यासाठी ते काम.

नावांचा पण घोळ होतो म्हणून सांगतो. पूर्वीची कतार पेट्रोलियम ऑक्टोबर २०२१ पासून कतारएनर्जी झाली. कतारगॅस आणि रासगॅस या दोन कंपन्या २०१८ च्या सुरुवातीला एक झाल्या आणि २०२३ पासून तिचं नाव कतारएनर्जी एलएनजी आहे. आज कोणी तुम्हाला रासगॅसच्या लेटरहेडवर ऑफर पाठवली तर ती खोटी आहे, तिथेच विषय संपवा. अशा जुन्या नावांच्या ऑफर फिरतात आणि पोरं पैसे भरतात, फार वाईट वाटतं.

जागा तीनच लक्षात ठेवल्या तरी चालतील. रास लफान, दोह्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटर, एलएनजी, हेलियम, कंडेन्सेट (गॅसबरोबर निघणारं हलकं तेल) रिफायनरी आणि शेलचा पर्ल जीटीएल, जिथे गॅसपासून डिझेल बनवतात, सगळं तिथेच. मेसाईद, दोह्याच्या दक्षिणेला, तिथे खत, पेट्रोकेमिकल, ॲल्युमिनियम, स्टील. आणि दुखान, जुनं तेल, जमिनीवरचं. ऑफरमधे यातलं एक नाव असलं पाहिजे, नाहीतर समुद्रातलं प्लॅटफॉर्म. नुसतं दोहा लिहिलं असेल तर विचारा साईट कुठे, कारण मग कदाचित ते काम बिल्डिंगच्या एसीचं निघेल, गॅसशी काही संबंध नसेल.

आणि हो, हा गॅस आपल्या दारात पण येतो. दहेजला पेट्रोनेटचं टर्मिनल २००४ मधे सुरू झालं ते कतारच्याच गॅसवर, वर्षाला ७५ लाख टनाचा करार, २०२८ ला संपणारा तो करार फेब्रुवारी २०२४ मधे २०४८ पर्यंत वाढवला. दिशा, राही, असीम ही त्या फेऱ्या मारणारी जहाजं. बडोद्याच्या घरगुती लाईनला देशातला गॅस आधी देतात, पण आजूबाजूच्या कारखान्यांच्या बॉयलर आणि भट्ट्यांमधे हाच बाहेरून आलेला गॅस जळतो. म्हणून दहेजला एलएनजीवर काम केलेला माणूस रास लफानला अगदीच नवखा नसतो, हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

तुमचं काम साखळीत कुठे बसतं ते बघा

विहिरीतून ओला गॅस निघतो, समुद्राखालच्या पाईपमधून किनाऱ्यावर येतो, तिथे स्लग कॅचरमधे पाणी आणि कंडेन्सेट वेगळं होतं. मग अमाइन नावाच्या रसायनाने एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू) आणि कार्बन डायऑक्साइड काढायचा, मॉल सीव्हने, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांनी, ओलावा काढायचा, पारा काढायचा कारण पारा ॲल्युमिनियमला खातो आणि मुख्य कोल्ड एक्स्चेंजरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. मग इथेन, प्रोपेन, ब्युटेन वेगळं करायचं, उरलेला मिथेन थंड करायचा, टाकीत भरायचा, जेटीवरून जहाजात. काढलेल्या एचटूएसचं गंधक बनतं, ते पण विकतात.

आता कोयलीच्या गुजरात रिफायनरीत ज्याने अमाइन युनिट किंवा सल्फर रिकव्हरीवर काम केलंय त्याने हे वाचलं तर त्याच्या लक्षात येईल की अर्धी साखळी आपल्याला माहीतच आहे. मग सीव्हीत नुसतं "गुजरात रिफायनरीत ४ वर्षं काम" का लिहिता? लिहा की अमाइन युनिटला कुठला पंप सांभाळला, एसआरयूच्या (सल्फर रिकव्हरी युनिटच्या) शटडाऊनला कुठलं काम केलं, कुठल्या मेकचा कंप्रेसर, कुठली डीसीएस, म्हणजे प्लांट चालवायची कंट्रोल सिस्टीम. तिथला इंटरव्ह्यू घेणारा इक्विपमेंटचं नाव शोधतो, कंपनीचं नाव त्याला दुय्यम असतं. दहेजला बॉइल-ऑफ गॅसच्या कंप्रेसरवर, अनलोडिंग आर्मवर किंवा क्रायोजेनिक (अतिथंड गॅसच्या) व्हॉल्व्हवर हात लावला असेल तर ते सगळ्यात वर.

कामाचे प्रकार तीन, आणि हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ऑपरेशन म्हणजे चालू प्लांटवरची नोकरी. फील्ड ऑपरेटर, पॅनल ऑपरेटर, मेंटेनन्सचे टेक्निशियन. कॉन्ट्रॅक्ट लांब, फॅमिली नेता येण्याची शक्यता इथेच, पण मागतात पण तसंच, डिप्लोमा आणि वर रिफायनरी नाहीतर पेट्रोकेमिकलचा पाच-सात वर्षांचा अनुभव, इंग्रजीत लॉग लिहिता आला पाहिजे. नुकता आयटीआय झालेल्या पोराला कोणी थेट कतारएनर्जी एलएनजीचा ऑपरेटर करतो म्हणत असेल तर तो फसवतोय.

प्रोजेक्ट म्हणजे बांधकाम. मुख्य कॉन्ट्रॅक्टर, त्याच्या खाली सबकॉन्ट्रॅक्टर, त्याच्या खाली मॅनपॉवर सप्लायर. तुम्ही या शिडीच्या कुठल्या पायरीवर आहात ते विचारा, जेवढे खाली तेवढा पगार उशिरा यायची भीती जास्त. आणि प्रोजेक्ट संपतो. पायपिंग झालं, हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) झाली, मेकॅनिकल कम्प्लिशन दिलं की फिटर-वेल्डर कमी करायला सुरुवात होते, इन्स्ट्रुमेंट आणि इलेक्ट्रिकलवाले कमिशनिंगपर्यंत, म्हणजे प्लांट चालू करेपर्यंत, टिकतात. म्हणून प्रोजेक्ट किती टक्के झालाय ते जाण्याआधी शोधून काढा, नव्वद टक्के झालेल्या कामावर दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन जाण्यात अर्थ नाही.

शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम, महिना दोन महिन्यांचं, बारा बारा तासांची शिफ्ट मागतात, पैसा बरा मिळतो आणि परत यायचं. ज्याला घर सोडवत नाही, पण लग्नाचं नाहीतर घराचं कर्ज फेडायचंय त्याला हे चांगलं. पण शटडाऊनला घेऊन जातात आणि तिथे सांगतात राहा पुढे, नवीन व्हिसा करून देतो, तेव्हा व्हिसा कुठल्या प्रकारचा आणि किती दिवसांचा आहे ते स्वतः बघायचं, मुदत संपून राहिलात तर दंड तुमच्या नावावर लागतो.

अजून एक सांगतो, सगळ्यांनी जायलाच पाहिजे असं नाही. बडोद्यातच वाघोडिया रोडला एल अँड टीची नॉलेज सिटी आहे, लिंडेचं इंजिनीअरिंग ऑफिस आहे, अशा ऑफिसात बाहेरच्या देशांतल्या प्लांटची ड्रॉइंगं बनतात. कलाभवनातून (एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनीअरिंगमधून) डिग्री केलेल्या मुलामुलींनी आधी इथे पायपिंग डिझाइन, प्रोसेस, इन्स्ट्रुमेंट डिझाइन दोन-चार वर्षं करावं आणि मग तिकडच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या जागा बघाव्या, हा रस्ता मला सगळ्यात पक्का वाटतो. घाईने सुपरवायझर म्हणून गेलेल्यापेक्षा हे लोक पुढे कितीतरी वर जातात.

ट्रेड टेस्टची तयारी

सर्टिफिकेट घेण्यात लोक खूप पैसे घालवतात म्हणून आधी कुठलं कामाचं ते. वेल्डरला ६जी, म्हणजे ४५ डिग्रीत तिरका बांधलेला पाईप, टिग वेल्डिंगने रूट (आतला पहिला थर) आणि वर स्टिक वेल्डिंग, कार्बन स्टील आणि स्टेनलेस दोन्हीत हात बसलेला असला तर मागणी कायम. क्रायोजेनिक लाईन बहुतेक स्टेनलेसच्या असतात कारण साधं कार्बन स्टील एवढ्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. इन्स्पेक्शनला जायचं तर एएसएनटी लेव्हल टू (न तोडता धातू तपासायचं सर्टिफिकेट), पुढे सीस्विप ३.१ (वेल्डिंग इन्स्पेक्टर) आणि अनुभव झाला की एपीआय ५१०, ५७० (प्रेशर व्हेसल आणि पायपिंगचं इन्स्पेक्शन). समुद्रातल्या प्लॅटफॉर्मसाठी बॉसिएट हा सेफ्टी कोर्स लागतो, ज्यात हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं यायचं ते प्रत्यक्ष पाण्यात करून घेतात, पोहण्याची भीती असेल तर आत्ताच घालवा. सेफ्टीचे आठवड्यात मिळणारे जे डिप्लोमे गल्लोगल्ली विकतात त्यांना तिथे कोणी विचारत नाही, नेबॉश ही ब्रिटिश सेफ्टीची परीक्षा विचारतात.

पाईप फिटरच्या टेस्टमधे पोरं कुठे पडतात ते एका उदाहरणाने दाखवतो. आयसोमेट्रिक ड्रॉइंग देतात, सहा इंची लाईन, दोन्ही टोकांना ९० डिग्रीचे लाँग रेडियस एल्बो, सेंटर टू सेंटर १५०० मिलिमीटर. विचारतात पाईप किती कापायचा. लाँग रेडियस एल्बोचा टेक-ऑफ, म्हणजे मध्यापासून तोंडापर्यंतचं अंतर, साईजच्या दीडपट, सहा दीडे नऊ इंच, म्हणजे २२९ मिलिमीटर. दोन एल्बोचे ४५८ वजा करा, राहिले १०४२. आता बरेच जण इथेच थांबतात आणि १०४२ सांगतात. दोन जॉइंट आहेत, प्रत्येकी ३ मिलिमीटर रूट गॅप, म्हणजे वेल्डिंगसाठी सोडायची फट, धरला तर अजून ६ गेले, उत्तर १०३६. हे सहा मिलिमीटर ज्याने सोडले त्याचा स्पूल (जोडून तयार केलेला पाईपचा तुकडा) लांब होतो, फ्लॅंज जुळत नाही, मग चेनब्लॉकने ओढून बसवतात आणि पुढे तिथेच लीक. परीक्षक गॅप किती धरायचा ते सांगत नाही, तुम्ही विचारताय का ते बघतो. तर विचारा. ४५ डिग्रीच्या ऑफसेटचा १.४१४ चा गुणाकार पण तोंडपाठ पाहिजे, कॅल्क्युलेटर देतीलच असं नाही.

इन्स्ट्रुमेंटवाल्यांना लूप चेक करून दाखवायला लावतात, ४ ते २० मिलिॲम्पियर, ट्रान्समीटरची रेंज ० ते १० बार असेल तर १२ मिलिॲम्पियरला किती? ५ बार. सोपं आहे पण समोर परक्या देशाचा इंजिनीअर बसला की सोपं पण सुचत नाही, म्हणून मोठ्याने बोलून सराव करा, तोडक्या इंग्रजीत का होईना.

एचटूएसबद्दल, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

नॉर्थ फील्डच्या गॅसमधे हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की नाकाची वास घ्यायची ताकदच काही मिनिटांत मरते, वास येणं बंद होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. गेलेला नसतो. अजून वाढला, सातशेच्या वर गेला, तर माणूस काही श्वासांत कोसळतो. म्हणून छातीवर लावलेला छोटा डिटेक्टर सांगेल ते खरं, नाक सांगेल ते नाही. तो साधारण १० पीपीएमला वाजतो. वाजला की पहिलं वर बघायचं, विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) कुठे वळलाय, आणि वारा तोंडावर येईल असं किंवा वाऱ्याला आडवं चालत मस्टर पॉइंटला, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात, पिटमधे, टाकीच्या तळाशी साचतो, तिथे कोणी पडलेला दिसला तरी श्वासाचा सेट लावल्याशिवाय उतरायचं नाही. मित्राला काढायला खाली गेलेला दुसरा, त्याला काढायला गेलेला तिसरा, या गॅसमधे माणसं अशी एकामागून एक गेलेली आहेत आणि हे जगभर झालंय, आपल्या गटारात उतरणाऱ्या कामगारांच्या बाबतीत पण हेच होतं.

तिथे दाढी काढायला सांगतात ती पण याचसाठी, मास्क चेहऱ्याला हवाबंद बसला पाहिजे. वाद घालू नका.

परमिटशिवाय स्पॅनर लावायचा नाही, गॅस टेस्टचा कागद स्वतः बघायचा, लॉक आणि टॅग स्वतःचा लावायचा आणि स्वतःच काढायचा. इथे आपल्याकडे छोट्या कारखान्यात चालतं, लवकर उरका म्हणून सगळं सोडून देतात. ती सवय इथेच सोडून जा.

कागदपत्रं आणि एजंट

पासपोर्ट बघा, दहावी पास असाल आणि तसा काढला असेल तर ईसीआरचा (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का नसतो. शिक्का असेल तर कतारला कामासाठी जायला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, कतार त्या १८ देशांच्या यादीत आहे. क्लिअरन्सचा कंटाळा करून टुरिस्ट व्हिसावर नेतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, तिथे गेल्यावर तुम्ही कोणाचेच कामगार नसता.

एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नाव टाका, लायसन्स नंबर टाका, चालू आहे की सस्पेंड आहे ते बघा. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. कायद्याने एवढंच. लाख दीड लाख मागतात, रोख मागतात, व्हिसाचे पैसे म्हणतात, ते सगळं बेकायदा. आणि सबएजंट नावाची जमात आहे, कोणाच्या तरी ओळखीचा ओळखीचा, चहाच्या टपरीवर पासपोर्ट गोळा करतो, त्याच्या हातात पासपोर्ट द्यायचाच नाही, झेरॉक्स द्या. शंका आली तर १८००-११-३०९० हा परराष्ट्र मंत्रालयाचा टोल फ्री नंबर आहे, फोन करा, लाजू नका.

प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआरवाल्यांना सक्तीची आहे, दोन वर्षांचा प्रीमियम २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. पॉलिसीची कॉपी आईकडे नाहीतर बायकोकडे ठेवा, कपाटात नाही.

डिग्री-डिप्लोमाचं अटेस्टेशन राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग कतारची एम्बसी या क्रमाने होतं, वेळ लागतो, ऑफर यायच्या आधी निदान पहिला टप्पा करून ठेवा. मेडिकल, बोटांचे ठसे आणि कॉन्ट्रॅक्टवर सही हे सगळं आता भारतातच कतार व्हिसा सेंटरला होतं, बडोदेकरांना मुंबईचं सोयीचं. आणि तिथे एक गोष्ट करायची म्हणजे करायचीच, कॉन्ट्रॅक्ट स्क्रीनवर येतं ते पूर्ण वाचायचं आणि एजंटने दिलेल्या ऑफर लेटरशी आकडा आकडा जुळवायचा. हुद्दा बदललेला असेल, बेसिक कमी दाखवला असेल, तर सही करायची नाही. मागे रांग असते, एजंटचा माणूस बाहेर फोन करत असतो, तरी नाही. तिथे नाही म्हणता येतं, दोह्याला उतरल्यावर नाही म्हणणं फार अवघड जातं.

बेसिक बघा, टोटल नाही

दोन ऑफर समजा, दोन्ही २,५०० रियालच्या. पहिलीत बेसिक १,८०० आणि भत्ते ७००, दुसरीत बेसिक १,००० आणि भत्ते १,५००. सारखंच वाटतं. पण ओव्हरटाईम बेसिकवर मोजतात, कमीत कमी सव्वापट. २६ दिवस आठ तास म्हणजे २०८ तास धरा, रोज दोन तास ओव्हरटाईम म्हणजे महिन्याला ५२ तास. पहिल्या ऑफरला ओव्हरटाईमचे ५६२ रियाल होतात, दुसऱ्याला ३१२. दर महिन्याला अडीचशे रियालचा फरक, सारख्याच घामाचे. आणि नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला किमान तीन आठवड्यांचा बेसिक, त्यात पण पहिल्याला वर्षाला १,२६० आणि दुसऱ्याला ७००. म्हणून बेसिकवर भांडा, भत्त्यांवर नाही.

किमान वेतन मार्च २०२१ पासून १,००० रियाल बेसिक, आणि कंपनी राहणं देत नसेल तर ५००, जेवण देत नसेल तर ३०० वेगळे. आठवड्याला ४८ तास, त्यावर ओव्हरटाईम धरून दिवसाला दहा तास ही साधारण मर्यादा. रियाल डॉलरला ३.६४ ने बांधलेला आहे, म्हणजे रुपया पडला की तुमचा पगार घरी जास्त वाटतो, पण दोह्यात भाजी काही त्याने स्वस्त होत नाही, त्या भरवशावर इथे मोठा हप्ता लावून घेऊ नका.

बॅग भरताना

दुसऱ्याचं पार्सल न्यायचं नाही, मावसभावाच्या मित्राचं असलं तरी. औषधं नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी, ट्रॅमाडॉल, कोडीनवाल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं घरीच ठेवा, त्या तिथे अमली पदार्थांत धरतात. आणि हे आयांना सांगा, दिवाळीनंतर जाणार असाल तर अनारसे बांधून द्यायचे नाहीत. खसखस अफूच्या झाडाची, यूएई आणि सौदीत तर सरळ बंदी आहे, आखातात कुठेच ती रिस्क नको. चिवडा चालेल, शंकरपाळी चालेल.

पोचल्यावरचा पहिला महिना

कतार आयडी कंपनीने करून द्यायची असते, महिन्याभरात मागे लागा, त्याशिवाय बँक खातं, सिम, दवाखाना सगळंच अवघड जातं. पासपोर्ट तुमच्याकडेच राहिला पाहिजे, कंपनीने काढून घेणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, तुम्ही स्वतः लेखी विनंती केली तरच ठेवता येतो. पगार बँकेतच आला पाहिजे, वेज प्रोटेक्शन सिस्टीम आहे, सरकारला दिसतं कोणाला किती आणि कधी मिळाला. रोख देतो म्हणाले तर तिथेच खटकलं पाहिजे.

२०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, नोटीस देऊन बदलता येते. हे खूप जणांना अजून माहीत नाही आणि फोरमन मुद्दाम सांगत नाहीत. पण नोटीस न देता पळून गेलात तर फरार नोंद होते आणि मग सगळंच अडकतं, तेव्हा रीतसर करा.

१ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद असतं, कायद्याने. बडोद्याच्या मे महिन्याची सवय आहे म्हणून छाती काढू नका, तिथे समुद्राचा दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. ओआरएस खिशात ठेवा, लघवीचा रंग गडद झाला की पाणी कमी पडतंय. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा घाम यायचा बंद झाला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि लगेच साईटवरच्या मेडिकलवाल्याला बोलवा, झोपू दे जरा म्हणून सोडू नका.

पगार अडला, पासपोर्ट अडवला, तर कामगार मंत्रालयात ऑनलाईन तक्रार करता येते, आणि भारतीय दूतावासाच्या देखरेखीखाली आयसीबीएफ (इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम) म्हणून संस्था आहे ती कामगारांना मदत करते. दोह्यात महाराष्ट्र मंडळ पण आहे, गणपतीला जाऊन या, चार ओळखी होतात. निघायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट, व्हिसा, पासपोर्ट, विमा आणि एजंटची पावती या सगळ्यांचे फोटो स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा आणि एक सेट घरी द्या, आणि कोणाला ऑफर लेटर हातात आल्यावर बेसिक, साईट किंवा कंपनीचं नाव याबद्दल काही कळत नसेल तर सही करायच्या आधी विचारा.